किहीममध्ये प्लॉट घ्यायचाय? आधी सातबाऱ्याची गोष्ट ऐका

हेडफोन लावलेत? चला. आजचा भाग जरा लांबलाय, पण दादरहून कल्याणला निघाला असाल तर उतरायच्या आत संपेल.

एक जाहिरात तुम्ही गेल्या महिन्याभरात नक्की पाहिली असेल. ड्रोनमधून दिसणारा समुद्र, सुरूच्या झाडांची रांग, पांढराशुभ्र व्हिला, निळाशार तलाव आणि पाठीमागून भारदस्त आवाज: ‘गेटवेपासून फक्त एका तासावर. आज घ्या, उद्या दुप्पट.’ खाली नाव कधी किहीम, कधी आवास, कधी झिराड. कधी सरळ ‘अलिबाग’, कारण ते विकायला सोपं. पंचविशीतली, पहिल्या-दुसऱ्या नोकरीतली मुलंही आता हे प्लॉट बघायला लागलीत. चौघं मित्र मिळून दोन गुंठे घेऊ, शनिवार-रविवार राहू, बाकी दिवस भाड्यानं देऊ, असे बेत होतात. आणि तिकडे त्याच वयाची किहीम-नवगावची मुलं घरच्यांच्या मागे लागलीत, की विका आता, भाव आहे तोवर.

मी आज या दोघांसाठीही बोलतेय. किहीममध्ये विकत मिळतो तो सातबारा; समुद्र त्याच्यासोबत फुकट येतो. आणि त्या सातबाऱ्यावरच्या ओळी कुणी, कधी, कशासाठी भांडून लिहून घेतल्या हे माहीत नसेल, तर तुम्ही घेणारे असा की विकणारे, गोत्यात यायला वेळ लागत नाही.

आधी जागा डोळ्यांसमोर आणा. अलिबागहून उत्तरेला रेवसच्या रस्त्यानं निघालं की दहा-बारा किलोमीटरवर चोंढी नाका. तिथून समुद्राकडे वळलं की किहीम. वर आवास, सासवणे, मांडवा. खाली नवगाव, थळ. पाठीशी कनकेश्वराचा डोंगर. थळच्या समोर समुद्रात खांदेरी आणि उंदेरी. शिवाजी महाराजांनी १६७९ मध्ये खांदेरीवर बांधकाम सुरू केलं तेव्हा मुंबईच्या इंग्रजांची झोप उडाली, कारण मुंबईच्या तोंडावर येऊन बसण्यासारखंच होतं ते. पुढे कान्होजी आंग्रे, मग त्यांचे वारस, आणि १८४० मध्ये वारस नाही म्हणून इंग्रजांनी कुलाबा संस्थान खालसा केलं. हा भाग तुम्हाला शाळेतून माहीत आहे, मी त्यावर वेळ घालवत नाही.

त्यापेक्षा एक आडनाव सांगते. किहीमकर. इंग्रजी कागदांत त्याचं केहिमकर झालं. हाईम सॅम्युएल केहिमकर नावाचे बेने इस्रायल समाजाचे एक गृहस्थ एकोणिसाव्या शतकात मुंबईत होऊन गेले. समाजासाठी त्यांनी शाळा काढली आणि समाजाचा इतिहास लिहिला. १८९७ मध्ये लिहून झालेलं ते पुस्तक छापलं गेलं १९३७ मध्ये, तेल अवीवला! बेने इस्रायल लोकांची परंपरा सांगते, की त्यांच्या पूर्वजांचं जहाज नवगावच्या किनाऱ्यावर फुटलं, सात पुरुष आणि सात स्त्रिया वाचल्या, आणि वाहून आलेल्यांचं दफन तिथंच झालं. ही माणसं इथे तेलाचे घाणे चालवायची आणि शनिवारी काम बंद ठेवायची, म्हणून गावानं नाव दिलं शनवार तेली. म्हणजे किहीमच्या पट्ट्यात बाहेरून आलेली माणसं ही काही कालपरवाची गोष्ट नाही. फरक एवढाच, की ती आली आणि तिथलीच झाली. भाषा मराठी, आडनाव गावाचं. पुढे १९४८ नंतर बरीचशी कुटुंबं इस्रायलला गेली, पण आडनावात गाव घेऊन गेली. आज व्हिला घेणाऱ्यांपैकी कुणी स्वतःला किहीमकर म्हणवून घेईल असं मला तरी वाटत नाही. असो.

मुंबईकरांचं ‘सेकंड होम’ म्हणजे जाहिरातवाले आत्ता शोधून काढल्यासारखं सांगतात ते. बद्रुद्दीन तैयबजींचं नाव ऐकलं असेल. मुंबईतले पहिले भारतीय बॅरिस्टर, १८८७ च्या मद्रास काँग्रेसचे अध्यक्ष. त्यांच्या मोठ्या गोतावळ्याची किहीमला पिढ्यान्पिढ्या घरं होती. याच गोतावळ्यातले सलीम अली. १९३० मध्ये ते बर्लिनहून पक्षिशास्त्र शिकून परतले, तर मुंबईच्या प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियममधली त्यांची नोकरीच गेलेली, पैसे नाहीत म्हणून पद रद्द. दुसरी नोकरी मिळेना. मग ते आणि तहमीना किहीमला येऊन राहिले. राहिले म्हणजे खरंच राहिले, शनिवार-रविवारपुरते नाही. जवळच सुगरण पक्ष्यांची वसाहत होती. बेकार माणसाकडे एक गोष्ट भरपूर असते, वेळ. ती त्यांनी या पक्ष्यांवर घातली.

आणि काय दिसलं? बहिणाबाईंच्या कवितेमुळे आपल्या सगळ्यांच्या डोक्यात खोपा विणणारी मादी बसलीय. प्रत्यक्षात विणतो नर. तो घरटं अर्धंच विणतो, उलट्या टोपीसारखं, आणि पंख फडफडवत माद्यांना बोलावतो. मादी येते, आत शिरते, ओढून-ताणून बघते. पसंत पडलं तर मुक्काम करते, मग नर उरलेलं काम, ती खाली लोंबणारी नळी वगैरे, पुरी करतो. ती अंड्यांवर बसली की हा पठ्ठ्या शेजारच्या फांदीवर दुसरं घरटं सुरू करतो, दुसऱ्या मादीसाठी. पसंत न पडलेली घरटी तशीच अर्धवट लोंबत राहतात. सॅम्पल फ्लॅट दाखवून बुकिंग घेणारे आणि बुकिंग झाल्यावर पुढच्या प्रोजेक्टला पळणारे बिल्डर किहीमला शंभर वर्षांपासून आहेत म्हणायचे! पण गंमत सोडा. सुगरणीच्या या संसाराची नीट उकल पहिल्यांदा झाली ती किहीमला, आणि सलीम अलींचं नाव पक्षिशास्त्रात पक्कं व्हायला तिथून सुरुवात झाली. किहीममध्ये घातलेल्या वेळाचा याहून मोठा परतावा मला तरी माहीत नाही.

आता थोडं पूर्वेला सरकूया, कारण सातबाऱ्याची खरी गोष्ट तिकडे आहे. किहीम समुद्राच्या बाजूला, तर त्याच अलिबाग तालुक्याच्या दुसऱ्या टोकाला, धरमतरच्या खाडीकडे, चरी नावाचं गाव आहे. सलीम अली किहीमला सुगरणी बघत होते त्याच दशकातली ही हकीकत.

तेव्हा इथे खोती होती. खोत म्हणजे सरकार आणि शेतकरी यांच्या मधला माणूस. सारा सरकारला भरायचा त्यानं, आणि त्याच्या कितीतरी पट वसूल करायचं कुळांकडून. पिकाचा मोठा वाटा खोताच्या घरी, वर वेठबिगार, वर सणासुदीला कोंबडी, भाजी, फळं. जमीन कसणाऱ्याच्या हातात कागद कुठला? काहीच नाही. आज कसतोयस, उद्या खोताच्या मनात आलं तर उठ.

२७ ऑक्टोबर १९३३ ला चरीत सभा झाली. पुढारी होते नारायण नागू पाटील. ठरलं काय, तर खोताच्या जमिनी कसायच्याच नाहीत. शेतकऱ्यांचा संप! गिरणी कामगारांचा संप समजतो, मालकाचं नुकसान होतं. पण शेतकऱ्यानं शेत पेरलं नाही तर पहिली उपासमार त्याच्याच घरी. तरी २५ गावं संपात उतरली आणि संप चालला सहा वर्षं. महिने नाही, वर्षं. शेतं ओसाड पडली. लोकांनी खाडीत मासे, चिंबोऱ्या पकडल्या, लाकूडफाटा विकला आणि दिवस काढले. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९३४ मध्ये चरीच्या शेतकरी परिषदेला आले. १७ सप्टेंबर १९३७ ला त्यांनी मुंबई कायदेमंडळात खोती रद्द करण्याचं विधेयक मांडलं. जानेवारी १९३८ मध्ये कोकणातले हजारो शेतकरी मुंबईत कौन्सिल हॉलवर चालून गेले. महसूलमंत्री मोरारजी देसाईंना चरीला यावं लागलं. शेवटी १९३९ मध्ये कुळाला संरक्षण देणारा कायदा झाला आणि ‘संरक्षित कूळ’ हा शब्द सरकारी दप्तरात आला.

त्याच्यामागून १९४८ चा कूळकायदा, १९४९ चा खोती निर्मूलनाचा कायदा, आणि मग १ एप्रिल १९५७. कूळकायद्यानं हा दिवस ठरवून दिला, की या तारखेला जो कूळ म्हणून जमीन कसतोय त्यानं ती विकत घेतली असं मानायचं. किंमत शेतजमीन न्यायाधिकरण ठरवणार, आकाराच्या २० ते २०० पट, हप्त्यानं भरायची. भरली की सर्टिफिकेट. कसेल त्याची जमीन, तारीख-वारासकट.

आता सातबारा उघडा. मोबाईलवर निघतो, महाभूलेखवर. गाव नमुना सात म्हणजे हक्क कुणाचा, बारा म्हणजे पीक काय. सातवर कुळाचं आणि इतर हक्कांचं जे सदर असतं ना, तिथे किहीम, नवगाव, झिराड या पट्ट्यात एक वाक्य बऱ्याचदा भेटतं: कूळकायदा कलम ४३ च्या शर्तीस पात्र. एजंट म्हणेल, ‘ते जुनं आहे, काढून देतो.’ ते जुनंच आहे, पण मेलेलं नाही. त्याचा अर्थ असा, की ही जमीन कुळाला कायद्यानं मिळालेली आहे आणि परवानगीशिवाय ती विकता येत नाही. परवानगी न घेता केलेला व्यवहार कायद्यानं अवैध. २०१४ च्या दुरुस्तीनं सवलत दिली: सर्टिफिकेट मिळून दहा वर्षं झाली असतील, तर आकाराच्या ४० पट नजराणा भरून विकता येते, पण घेणाराही शेतकरीच हवा.

आणि हाच कलम ६३ चा नियम: शेतजमीन बिगरशेतकऱ्याला सरकारी परवानगीशिवाय घेता येत नाही. शहरातल्या मुलांना हा नियम जाचक वाटतो. मग पळवाटा निघतात. कुठल्यातरी लांबच्या तालुक्यातला शेतकरी दाखला, कधी चक्क खोटा. कधी गावातल्याच कुणाच्या नावावर जमीन आणि आपल्यात आतला करार. इंडोनेशियात बालीला हेच चालतं. तिथे १९६० च्या जमीन कायद्यानं पूर्ण मालकी फक्त इंडोनेशियन नागरिकालाच. मग परदेशी लोक स्थानिक माणसाच्या नावावर व्हिला घेतात, आणि एक दिवस तो माणूस किंवा त्याचे वारस म्हणतात, कुठला करार? तोंड उघडायची सोय नाही, कारण करारच बेकायदा. दोन्ही देशांत कायद्यामागची भीती एकच होती, की पैसेवाला येईल आणि कसणारा पुन्हा मजूर होईल. ही भीती खोटी होती असं किहीमच्या बंगल्यांच्या फाटकाशी उभे असलेले वॉचमन बघून मला म्हणता येत नाही. त्यातल्या काहींच्या आजोबांची ती जमीन होती.

आता घरचंच सांगते. माझ्या मावशीचं सासर नवगावचं. तिचे सासरे कूळ. १९५७ नंतर हप्ते भरून त्यांनी जमीन नावावर केली. ते सर्टिफिकेट अजून पत्र्याच्या ट्रंकेत आहे, घडीवर फाटलेलं. जमीन केवढी, तर वाडी आणि भातशेत मिळून साधारण एक एकर. मावसभाऊ कळंबोलीला नोकरी करतो. त्याला अर्धी विकून पनवेलला फ्लॅट घ्यायचाय, आणि मी त्याला दोष देत नाही. भातात त्याला काय सुटतं ते मला माहीत आहे. एजंट घरी आला, रोख टोकन ठेवून जातो म्हणाला. मावशीनं पैशाकडे बघितलंच नाही. म्हणाली, “बाय, विहीर कुनाकडं जानार ता पयला इचार त्याला.”

कागद मांडून बसलो. एजंटला हवा होता रस्त्यालगतचा अर्धा भाग. विहीर त्यातच. आणि मागच्या अर्ध्या भागात जायची वाटही त्यातूनच. म्हणजे पुढचा भाग गेला की मागच्या भागाला ना पाणी, ना वाट; दोन वर्षांनी तोच गिऱ्हाईक येऊन मागचा भाग मातीमोल मागणार. वाट मिळवायला महसूल संहितेचं कलम १४३ आहे, तहसीलदाराकडे अर्ज करता येतो, पण विकल्यावर तारखा घालण्यापेक्षा विकायच्या आधी खरेदीखतात वाट आणि विहिरीचा हिस्सा लिहून घेणं सोपं. एजंटनं ऐकलं आणि ‘पार्टीला विचारून सांगतो’ म्हणून गेला, तो अजून विचारतोच आहे.

पाण्यावर थोडं थांबते, कारण जाहिरातीत तलाव दिसतो, विहीर दिसत नाही. समुद्रकाठी गोडं पाणी जमिनीखाली खाऱ्या पाण्यावर तरंगत असतं. वरून बोअरवेलनं जास्त उपसा केला की खालचं खारं पाणी वर सरकतं. एकदा विहीर मचूळ झाली की ती पुन्हा गोडी व्हायला कितीतरी पावसाळे जातात, आणि त्यात विहीर कुणाची हे बघून ते होत नाही. शनिवारी भरणाऱ्या तलावांचं पाणी सोमवारी शेजारच्या वाडीला कमी पडतं.

आता समुद्राच्या बाजूनं येणारी दुसरी रेघ. १९८१ मध्ये इंदिरा गांधींनी किनाऱ्यावरच्या राज्यांच्या मुख्यमंत्र्यांना पत्र लिहिलं, की पाण्यापासून ५०० मीटरपर्यंत बांधकाम रोखा. त्यातून पुढे फेब्रुवारी १९९१ ची सीआरझेड अधिसूचना निघाली. ग्रामीण किनाऱ्यावर भरतीच्या रेषेपासून २०० मीटर नवीन बांधकाम नाही. २०११ मध्ये, मग २०१९ मध्ये नियम बदलले, दाट वस्तीच्या गावांसाठी सैलही झाले, पण रेघ आहे. आणि ती मोडणारे होतेच. नीरव मोदीचा किहीमचा बंगला आठवतो? जवळपास ३३ हजार चौरस फुटांचा. बेकायदा बांधकामांविरुद्ध जनहित याचिका झाली, हायकोर्टानं प्रशासनाला धारेवर धरलं, आणि जानेवारी २०१९ मध्ये यंत्रं लावून पाडकाम सुरू झालं. बांधकाम इतकं भक्कम की यंत्रं पुरेनात. शेवटी ८ मार्च २०१९ ला सुरुंग लावून तो उडवला. व्हिडिओ सगळ्यांच्या फोनवर फिरला. मला त्यात एकच खटकलं: ज्याच्याकडे पैसे होते त्याच्या बंगल्याचा व्हिडिओ झाला. याच किनाऱ्यावरच्या इतर बांधकामांच्या नोटिसा आणि स्थगित्या कुणी बघत नाही, आणि त्यातलंच एखादं घर फिरून तुम्हाला-मला ‘रिसेल, अर्जंट’ म्हणून विकायला येतं.

जाहिरातीतलं तिसरं वाक्य असतं ‘कनेक्टिव्हिटी’. यातलं काही खरं आहे. भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला गाडी घेऊन जाणारी रो-रो १५ मार्च २०२० ला सुरू झाली, आणि आठवड्याभरात लॉकडाऊन लागला. नशीब बघा. त्याच वर्षी ३ जूनला निसर्ग चक्रीवादळ आलं, वाड्यांमधली नारळी-पोफळी आडवी झाली. वाडीवाल्यांचं उभं उत्पन्न गेलं आणि घरून काम करणारी मुंबईची गिऱ्हाईकं दारात आली, दोन्ही एकाच वर्षात. विक्रीच्या काही कागदांवर २०२० नंतरच्या तारखा का दिसतात, ते समजायला हे पुरे. अटल सेतू जानेवारी २०२४ मध्ये खुला झाला, तोही खरा. पण रेवस-करंजा पूल? बॅरिस्टर अंतुले मुख्यमंत्री होते, कुलाब्याचं रायगड झालं, तेव्हापासून हा पूल ऐकू येतोय. चाळीस वर्षं त्याच्या नावावर जमिनी विकल्या गेल्या. पुलाचं चित्र दाखवून भाव सांगितला तर चित्राचा भाव द्या, पुलाचा नको. आणि गेटवेच्या लाँच पावसाळ्यात बंद असतात; ‘एका तासावर’ हे जूनमध्ये वडखळच्या ट्रॅफिकमध्ये बसून म्हणून बघा.

मग घ्यायचंच नाही का? घ्या की. बिनशेती झालेला प्लॉट बिगरशेतकऱ्यालाही घेता येतो. पण बिनशेतीचा आदेश स्वतः वाचा, नुसता ‘एनए होणार आहे’ यावर जाऊ नका. मोठा लेआऊट असेल तर महारेराचा नंबर बघा. दोन गुंठ्यांचा तुकडा सामायिक सातबाऱ्यावर नाव चढवून देतो म्हणाले तर १९४७ चा तुकडेबंदी कायदा आठवा. त्यात वेळोवेळी बदल होतायत, म्हणून त्या दिवशीचा नियम वकिलाकडून घ्या, एजंटकडून नको. सीआरझेडचा नकाशा बघा. आणि फेरफार मागे मागे काढत १९५७ पर्यंत जा. तिथे एक फट असते. जमीनमालक त्या दिवशी विधवा, अज्ञान किंवा सैन्यात असेल, तर कुळाच्या खरेदीची तारीख पुढे ढकललेली असायची. अशा जमिनींचे वाद अजून चालू आहेत, आणि ज्याच्याकडून तुम्ही घेताय त्यालाही ते ठाऊक नसतं. माझ्या पाहण्यात असे दोन सातबारे आले, दोन्ही समुद्र दिसणाऱ्या जमिनींचे.

विकणाऱ्यांनो, तुमच्यासाठी वेगळं काही नाही, तेच कागद तुम्हीही काढा. ट्रंका उघडा. आजोबांचं सर्टिफिकेट लॅमिनेट करू नका, शाई उडते. फोटो काढा आणि तहसीलमधून प्रमाणित नक्कल घेऊन ठेवा.

मावशीकडे परवा दुसरा एजंट आला होता म्हणे. याला विहिरीचं आधीच सांगितलंय. त्याचं उत्तर आलं की कळवते.

पुढच्या भागात अलिबागमध्येच राहू. मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हणून १९०४ मध्ये कुलाब्याची चुंबकीय वेधशाळा उचलून अलिबागला नेली, तिची गोष्ट. मुंबईच्या गजबजाटाला कंटाळून अलिबागला गेलेलं लोहचुंबक! तोवर नमस्कार.